सकाळी उठायला कारण हवे





आपल्या शाळेच्या कार्यालयाला लागून एक लहानशी खोली आहे. एक खाट, एक पाण्याचे मडके, प्रथमोपचाराची पेटी आणि भिंतीला टांगलेले एक रजिस्टर एवढेच तिथले सामान. वर्गात कोणाला बरे वाटेनासे झाले की त्याला तिथे आणून झोपवतात आणि रजिस्टरमध्ये नाव, इयत्ता, तक्रार लिहितात. दिवाळीच्या सुट्टीत कार्यालयाची आवराआवर करताना ते रजिस्टर माझ्या हाती आले आणि मी सहज पाने उलटू लागले. सोमवार आणि चाचणी परीक्षेचे दिवस पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ यांनी भरून गेले होते. त्यात नवल काहीच नाही, तीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला हे माहीत असते. नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. स्नेहसंमेलनाच्या तयारीचा आठवडा जवळजवळ कोरा होता. त्या आठवड्यात मुले उन्हात तालीम करतात, वेळेवर डबा खात नाहीत, घसा बसेपर्यंत ओरडतात. म्हणजे आजारी पडायला सगळी कारणे हजर, आणि आजारी मात्र कोणी नाही.

यावर "मुले बहाणे करतात" एवढे म्हणून मोकळे होता येते. पण पोट दुखते तेव्हा ते खरोखर दुखते, हे मी मुलांच्या चेहऱ्यांवर पाहिले आहे. मला वाटते, प्रश्न बहाण्याचा नाही. सकाळी उठून जिथे जायचे आहे तिथे माझी कोणाला गरज आहे का, माझ्यावाचून तिथे काही अडणार आहे का, हा तो प्रश्न आहे. या अंकात मला याच विषयावर थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याचा संबंध मुलांच्या तब्येतीशी आहे, घरातल्या आजीआजोबांच्या तब्येतीशी आहे, आणि विश्वस्त मंडळापुढे सध्या असलेल्या एका निर्णयाशीही आहे.

(लेख लिहिताना भाषेत कुठे हिंदीची छाया आली तर सांभाळून घ्यावे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी मला आईने घरी दिली आणि या शाळेने पक्की करून घेतली.)

गिरणीचा भोंगा

माझे बाबा आपल्या इंदूरच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. पहाटे भोंगा वाजायचा आणि आमचे घर जागे व्हायचे. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना ती गिरणी बंद पडली. पुढच्या काही वर्षांत शहरातल्या इतर गिरण्याही एकामागून एक थंडावल्या. थकबाकीसाठी कामगारांनी किती वर्षे चकरा मारल्या हे जुन्या इंदूरकरांना सांगायला नको.

पैशाची ओढाताण होतीच, पण आईने शिवणकाम वाढवले, थोरल्या भावाला नोकरी लागली आणि चूल पेटत राहिली. बाबांचे मात्र काहीतरी विझले. भोंगा बंद झाला तरी ते पहाटे पाचलाच उठत. उठून ओसरीवर बसत. नऊ वाजता तिथेच, अकरालाही तिथेच. मनगटावरचे घड्याळ त्यांनी काढून खुंटीला अडकवले. दोन वर्षांच्या आत रक्तदाब निघाला, साखर निघाली. औषधाची आठवण आईने दिली तर घ्यायचे, नाही तर राहून जायचे. वय अवघे पन्नाशीच्या आतबाहेर.

त्यांना थोडे उठवले ते झांकीने. अनंत चतुर्दशीला आपल्याकडे गिरण्यांच्या झांक्या निघतात, ही परंपरा आता शंभर वर्षांची झाली. गिरण्या बंद पडल्या तरी कामगारांनी वर्गणी गोळा करून झांक्या चालू ठेवल्या, ही आपल्या शहराची अभिमानाची गोष्ट आहे. झांकीतल्या हलत्या पुतळ्यांचे चाक-पट्ट्याचे काम कोणाला जमेना तेव्हा जुने सोबती बाबांना बोलवायला आले. पुढचे दोन महिने आमच्या घरात जुने बाबा परत आले होते. घड्याळ मनगटावर चढले. रात्री बारा-बारापर्यंत काम करूनही सकाळी चेहरा ताजा. गोळी स्वतःहून घेत, कारण "चक्कर आली तर शिडीवर कोण चढेल?" चतुर्दशी झाली, झांकी फिरून परत आली, आणि आठवड्याभरात बाबा पुन्हा ओसरीवर.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांची साखर आणि रक्तदाब गिरणी बंद पडल्यानेच आला, असे मी म्हणणार नाही, आमच्या घराण्यात दोन्ही आहेत. पण एकच माणूस, एकच शरीर, तीच औषधे आणि वर्षातून दोन महिने इतका फरक, हे मी डोळ्यांनी पाहिले. त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा, वाचनातून कळला.

ऑस्ट्रियातले एक गाव

ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहराजवळ मारियेन्थाल नावाचे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव होते. अख्खे गाव एका कापड गिरणीवर जगत असे. १९२९-३० मध्ये मंदीच्या लाटेत ती गिरणी बंद झाली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह तिथे जाऊन गावाचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांचे पुस्तक १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही समाजशास्त्राचे विद्यार्थी ते अभ्यासतात.

त्यांना काय दिसले? माणसांकडे आता वेळच वेळ होता. मग गावाच्या वाचनालयातून जास्त पुस्तके जायला हवी होती. झाले उलटेच. वाचनालयाची फी माफ करूनही दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव जवळपास निम्म्यावर आली. रस्त्यावरून पुरुष किती वेगाने चालतात हे संशोधकांनी खिडकीत बसून, घड्याळ लावून मोजले. पुरुष हळू चालत आणि गावाचा लहानसा रस्ता ओलांडतानाही मध्येच थांबत. बरेच जण घड्याळ वापरेनासे झाले होते. दिवसभर काय केले असे विचारले तर त्यांना सांगता येत नसे. बायका मात्र भरभर चालत. पैसा त्यांच्याकडेही नव्हताच, पण स्वयंपाक, शिवण, मुले हे काम त्यांना सुटले नव्हते. कोणीतरी त्यांची वाट पाहत होते.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. खुंटीला अडकवलेले ते घड्याळ माझ्या डोळ्यांपुढे होते.

त्याच व्हिएन्ना शहरात व्हिक्टर फ्रँकल नावाचे एक तरुण डॉक्टर होते. बेकार तरुणांच्या मनावर होणाऱ्या परिणामांबद्दल त्यांनी १९३३ सालीच लिहिले. त्यांचे निरीक्षण असे की बेकार तरुण "मला काम नाही, म्हणजे मी निरुपयोगी, म्हणजे जगण्यात अर्थ नाही" अशा साखळीत अडकतात. अशा काही तरुणांना त्यांनी युवक संघटना, प्रौढ शिक्षण वर्ग, सार्वजनिक वाचनालये अशा ठिकाणी बिनपगारी कामाला लावले. खिसा रिकामाच राहिला, पोटही पुरते भरले नाही, पण उदासी मात्र ओसरली.

पुढे फ्रँकल ज्यू असल्यामुळे नाझींच्या तावडीत सापडले. १९४२ पासून १९४५ पर्यंत ते छळछावण्यांत होते, त्यांत ऑशविट्झही होती. आईवडील, भाऊ आणि पत्नी यांना त्यांनी गमावले. १९४४ चा नाताळ आणि १९४५ चे नवे वर्ष यांच्या मधल्या आठवड्यात त्यांच्या छावणीत मृत्यू एकाएकी वाढले. छावणीतल्या डॉक्टरचे म्हणणे असे की थंडी, भूक, काम यांत काही फरक पडला नव्हता. नाताळपर्यंत घरी जाऊ, या आशेवर अनेक जण तग धरून होते. नाताळ आला, गेला आणि आशेबरोबर शरीरानेही हात टेकले. स्वतः फ्रँकल प्रलापक ज्वराने आजारी असताना, जप्त झालेले आपले हस्तलिखित कागदाच्या कपट्यांवर पुन्हा आठवून लिहीत होते. त्या लिहिण्याने आपल्याला जगवले असे ते म्हणत. मात्र ज्यांच्याजवळ ध्येय होते ते सगळे वाचले, असा दावा त्यांनी कधीही केला नाही. आमच्यातले उत्तम ते परत आले नाहीत, अशा अर्थाचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. हे वाक्य मला फार प्रामाणिक वाटते.

मोजमाप काय सांगते?

एका गावाची किंवा एका माणसाची कहाणी म्हणजे पुरावा नव्हे, असे आपले विज्ञानाचे शिक्षक लगेच म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मोठ्या पाहण्यांकडे वळू.

जपानी भाषेत 'इकिगाई' असा एक शब्द आहे. ज्याच्यासाठी जगावेसे वाटते, सकाळी उठावेसे वाटते ते. जपानमधल्या ओसाकी भागात ४० ते ७९ वयाच्या ४३,३९१ लोकांना एक साधा प्रश्न विचारण्यात आला: तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का? सुमारे ५९ टक्के लोक "आहे" म्हणाले, ५ टक्क्यांहून कमी लोक "नाही" म्हणाले, बाकीचे मधले. मग सात वर्षे या सर्वांची नोंद ठेवली. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वय, आजार, धूम्रपान यांसारख्या गोष्टी हिशेबात धरूनही "नाही" म्हणणाऱ्यांत मृत्यूचा धोका "आहे" म्हणणाऱ्यांच्या सुमारे दीडपट निघाला. हा फरक मुख्यतः हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांत आणि अपघात-आत्महत्या अशा बाह्य कारणांत दिसला. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही.

अमेरिकेत २०१९ मध्ये असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशी ओलांडलेल्या ६,९८५ लोकांत, ज्यांना जीवनात उद्देश सर्वांत कमी जाणवत होता त्यांचा मृत्यूचा धोका, सर्वांत जास्त जाणवणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होता.

आता याच्या उलट बाजूचेही सांगते, कारण अर्धे सांगणे म्हणजे मुलांना चुकीचे शिकवणे. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या सात लाखांहून अधिक स्त्रियांचा एक प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विचारले होते ते आनंदी असण्याबद्दल. मुळात असलेले आजारपण हिशेबात धरल्यावर आनंदी आणि दुःखी स्त्रियांच्या आयुर्मर्यादेत फरक उरला नाही. आजारी माणूस दुःखी होतो, दुःखाने मात्र सरळसरळ आयुष्य कमी होत नाही, असा त्याचा अर्थ.

या दोन निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. आनंद वेगळा आणि उद्देश वेगळा. आनंद येतो-जातो. उद्देश दुःखातही टिकू शकतो. आपल्याच माळव्याचे उदाहरण पाहा. अहिल्याबाई होळकरांचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, १७६७ मध्ये एकुलता एक मुलगा मालेराव गेला. तेरा वर्षांत तीन मृत्यू. त्यानंतर १७९५ पर्यंत, म्हणजे २८ वर्षे, त्यांनी राज्य सांभाळले, महेश्वरी विणकरांना वसवले, देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. त्या 'आनंदी' होत्या का, असे विचारणेच चूक वाटते. पण उद्या सकाळी उठून काय करायचे हे त्यांना माहीत होते.

शरीराला कसे कळते?

मनातल्या उद्देशाची खबर हृदयाला कशी लागते, हा प्रश्न दहावीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारला होता. आजवर कळलेले उत्तर साधारण असे आहे.

पहिला मार्ग आपल्या सवयींचा. ज्याला उद्या काही करायचे आहे तो आज स्वतःला जपतो. सुमारे सात हजार अमेरिकी प्रौढांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा वर्षांच्या अभ्यासात, उद्देश जास्त जाणवणारे लोक कोलेस्टेरॉलसारख्या तपासण्या वेळेवर करून घेतात आणि रुग्णालयात कमी रात्री काढतात, असे दिसले. "चक्कर आली तर शिडीवर कोण चढेल?" हे बाबांचे वाक्य म्हणजे हाच निष्कर्ष, आमच्या भाषेत.

दुसरा मार्ग ताणाचा. संकट दिसले की शरीर कॉर्टिसोलसारखी द्रव्ये सोडते, नाडी व रक्तदाब वाढतो. संकट टळले की सगळे पूर्ववत व्हावे, अशी निसर्गाची योजना आहे. पण काळजी महिनोन्‌महिने चालूच राहिली तर त्याचा भार हृदयावर, झोपेवर, प्रतिकारशक्तीवर पडतो. हे कशासाठी सोसतो आहोत ते माहीत असले की तोच ताण लवकर उतरतो, असे मानले जाते.

तिसरा मार्ग माणसांचा. उद्देश बहुधा एकट्याचा नसतो. तो आपल्याला घराबाहेर काढतो, चार लोकांत नेतो, चालायला लावतो.

तरीही हे सर्व 'संबंध' आहेत. उद्देश हरवल्याने आजार येतो, तसा आजारानेही उद्देश हरवतो, आणि दोन्हींतला कोणता धागा किती जाड हे शास्त्रज्ञ अजून तपासत आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे १०४ वर्षे जगले आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी नवी संस्था उभारली, हे उदाहरण आपण मुलांना नेहमी देतो. पण गोपाळ गणेश आगरकरांना काय कमी ध्येय होते? दम्याने त्यांना १८९५ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच नेले. म्हणून ध्येयाला औषध समजू नका आणि आजारी माणसाला "तुझ्यात जगण्याची इच्छाच नाही" असे कधीही बोलू नका. तो क्रूरपणा आहे. विशेषतः मूल किंवा मोठे कोणी आठवडेच्या आठवडे उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, तर उपदेश न करता डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक मी प्रत्येक वर्गाच्या फलकाशेजारी लावायला सांगितला आहे.

विद्यार्थ्यांसाठी

मुलांनो, तुम्ही म्हणाल, "मॅडम, आमच्याकडे उद्देश आहे की! जेईई, नीट, नव्वद टक्के." मी त्याला उद्देश म्हणणार नाही, ते टार्गेट आहे. टार्गेट वाईट नाही, पण ते बहुधा दुसऱ्याने दिलेले असते, एका तारखेला संपते, आणि हुकले की हातात काही उरत नाही. छावणीतला नाताळ आठवा. नुसत्या तारखेवर टांगलेली आशा तारखेबरोबरच तुटते. डॉक्टर व्हायचे आहे हे टार्गेट झाले, कोणाचे दुखणे कमी करावेसे वाटते हा उद्देश. पहिले हुकले तरी दुसऱ्याला शंभर वाटा असतात.

आणि उद्देश भव्यच असावा लागतो असे नाही. सहावीतला एक मुलगा गेल्या वर्षी फार गैरहजर राहायचा. वर्गशिक्षिकांनी त्याला पक्ष्यांच्या पाण्याच्या परळांची जबाबदारी दिली. "तू आला नाहीस तर चिमण्या उपाशी नाही, तहानलेल्या राहतील," एवढेच बाई म्हणाल्या. उन्हाळा संपेपर्यंत तो फक्त दोनदा गैरहजर राहिला, आणि दोन्ही वेळा मित्राला निरोप देऊन.

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. आधी आपल्या शाळेत शेवटचा तास आठवड्यातून दोनदा 'शाळाकामा'चा असे: बाग, वाचनालय, लहान वर्गांना मदत. बोर्डाच्या निकालासाठी तो तास मी स्वतः बंद केला आणि गणिताला दिला. निकाल थोडा सुधारला, पण रजिस्टरची पानेही भरत गेली. दोन्हींचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही. पण तो तास बंद करताना मुलांकडून आपण काय काढून घेतो आहोत याचा मी विचारच केला नव्हता, एवढे नक्की. जूनपासून आठवड्यातला एक तरी तास परत सुरू होईल.

पालकांसाठी

पालकांना दोन विनंत्या. पहिली, मुलाला घरात एक तरी काम असे द्या, की जे त्याने केले नाही तर खरोखर अडेल. दळण आणणे, आजोबांच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ डबीत लावणे, शनिवारचे पोहे. "तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो" हे प्रेमाने म्हटले जाते, पण मुलाच्या कानाला ते "तुझी इथे गरज नाही" असे ऐकू येते.

दुसरी विनंती घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल. "आई, आता तुम्ही आराम करा" असे म्हणून आपण सासूबाईंच्या हातातली भाजीची पिशवी, देवघराची फुले, हिशेबाची वही एकेक करून काढून घेतो. हेतू चांगलाच असतो. पण आराम हे थकलेल्या माणसाचे औषध आहे, रिकाम्या माणसाचे नाही. झेपेल तेवढे काम त्यांच्याकडे राहू द्या, आणि ते कसे करावे हेही त्यांनाच ठरवू द्या.

विश्वस्त मंडळासाठी

आता निर्णयाविषयी. वाचनालयाची खोली संध्याकाळी आणि पुढे दिवसाही एका कोचिंग क्लासला भाड्याने द्यावी, असा प्रस्ताव मंडळापुढे आहे. शाळेची आर्थिक स्थिती मला ठाऊक आहे. पटसंख्या घटते आहे, छताची दुरुस्ती राहिली आहे, शिक्षकांचे पगार वेळेवर व्हायला हवेत. प्रस्ताव आणणाऱ्यांनी तो शाळेच्या भल्यासाठीच आणला आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

तरीही त्याला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण त्या खोलीत मंगळवारी व शुक्रवारी दिसते. गेल्या वर्षापासून एक निवृत्त आजोबा तिथे तिसरी-चौथीच्या मुलांना मराठी गोष्टी वाचून दाखवतात. ज्या मुलांच्या घरी आता हिंदीच बोलली जाते ती मुले त्यांच्याकडून 'ळ' शिकली. आजोबांचे हृदयाचे ऑपरेशन झालेले आहे. त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, "मॅडम, मंगळवारी-शुक्रवारी त्यांना औषधाची आठवण द्यावी लागत नाही, इस्त्रीचा सदरा मात्र आदल्या रात्रीच काढून ठेवावा लागतो."

हे आमच्याच शाळेचे वेड नव्हे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात साठीपुढच्या स्वयंसेवकांना आठवड्याला सुमारे १५ तास प्राथमिक शाळांत वाचन शिकवण्याच्या कामी लावणारा उपक्रम जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने चालला. आजारांचे तज्ज्ञ शाळेत आले ते मुलांसाठी तर खरेच, पण वृद्धांच्या तब्येतीसाठीही. स्वयंसेवकांचे चालणे-फिरणे वाढले, अडचणीत हाक मारता येतील अशी माणसे वाढली.

आपल्या मराठी समाजात अशी निवृत्त मंडळी काय कमी आहेत? कोणी बँकेतून, कोणी टपाल खात्यातून, कोणी शिक्षिका, कोणी माझ्या बाबांसारखे हाताचे कारागीर. मुले पुण्या-बंगळुरूला, अमेरिकेला. घरात दोघेच किंवा एकटेच. सकाळचा फेरफटका आणि संध्याकाळचा दूरदर्शन संच, मधे पूर्ण दिवस. इकडे आपल्याकडे मराठी वाचायला शिकवणारे हात कमी. ही दोन टोके जोडायला एक खोली लागते, आणि ती आपल्याजवळ आहे. भाड्याने ती दिली तर छत दुरुस्त होईल, पण मारियेन्थालमध्ये फुकट असूनही ओस पडलेले वाचनालय आपल्याकडे भरलेले आहे, ते मात्र आपण स्वतः रिकामे करू.

माझा पर्यायी प्रस्ताव असा. कोचिंग क्लासला वरच्या मजल्यावरच्या दोन वर्गखोल्या शाळा सुटल्यानंतर द्याव्यात. भाडे थोडे कमी येईल. वाचनालय एक वर्ष 'आजी-आजोबांचा तास' म्हणून चालवू द्यावे: रोज एक तास, प्रत्येक आजी-आजोबांना ठरलेला वार, ठरलेली मुले. कधीतरी पाहुणे म्हणून बोलावून हार घालणे नको. वर्षातून दोन महिने उठणारा माणूस उरलेले दहा महिने कुठे बसतो, हे मी पाहिलेले आहे. वर्षाच्या शेवटी हजेरी, मुलांचे वाचन आणि खर्चाचा हिशेब मी मंडळापुढे ठेवीन. जमले नाही तर खोलीची किल्ली मीच आणून देईन.

ज्या आजी-आजोबांना यायचे असेल त्यांनी आपले नाव आणि सोयीचा वार शाळेच्या कार्यालयात नोंदवावा. अनुभवाची, पदवीची अट नाही. मात्र एक अट आहे, ती मुलांच्या वतीने: ठरलेल्या दिवशी यायचे, कारण मुले वाट पाहत असतील.

आपली,
मुख्याध्यापिका